सनद, सरंजाम आणि मर्जी : कृष्णाकाठच्या इनामांची दीडशे वर्षे

११ फेब्रुवारी १८१८. साताऱ्याचा किल्ला आदल्या दिवशी इंग्रजांच्या हाती आला होता. दुसरा बाजीराव फौजेसह पुढे पळत होता आणि युद्धाचा निकाल अजून लागायचा होता. अशा वेळी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्याहून एक जाहीरनामा काढला. त्यात बाजीरावाचे राज्य संपल्याची घोषणा होती, छत्रपतींना छोटेसे राज्य देण्याचे आश्वासन होते, रयतेने बाजीरावाकडे वसूल भरू नये अशी ताकीद होती. पण गावोगावच्या वाड्यांमध्ये लोकांनी जो भाग पुन्हा पुन्हा वाचून घेतला असेल तो दुसराच होता.

वतने, इनाम जमिनी, वर्षासने, देवस्थानांची व धर्मादायाची उत्पन्ने चालू राहतील, असे त्यात म्हटले होते. सोबत एक अट होती : बाजीरावाच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांच्या आत ती सोडून घरी परतावे. जो परतणार नाही त्याचे उत्पन्न जप्त होईल.

तोफेपेक्षा हा कागद स्वस्त होता आणि बहुधा अधिक परिणामकारकही. एल्फिन्स्टन पुण्यात रेसिडेंट म्हणून सात वर्षे राहिला होता. या मुलखातली निष्ठा जमिनीच्या कागदाला बांधलेली असते, हे त्याने पुरते ओळखले होते. ही गाठ त्याने बांधली नव्हती. ती बांधणारे हात जुने होते, आणि त्यांतले बरेचसे सातारा, वाई, मिरज, तासगाव, कऱ्हाड याच पट्ट्यातले होते.

या थ्रेडमध्ये त्या गाठीचा इतिहास पाहू. राज्याच्या तिजोरीतून कोणाला काय मिळाले हा त्यातला अर्धा प्रश्न. उरलेला अर्धा असा : ज्यांना मिळाले, त्यांच्यापैकी पुढे कोणाला पुरावा मागितला गेला आणि कोणाला नाही?

आधी शब्द नीट समजून घेऊ. ‘इनाम’ म्हणजे ज्या जमिनीचा सारा सरकारने पूर्ण किंवा अंशतः सोडून दिला आहे ती. कधी एखाद्या व्यक्तीला, कधी देवळाच्या पूजेसाठी, कधी दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी. ‘वर्षासन’ म्हणजे दरसाल रोख मिळणारी नेमणूक. ‘वतन’ हा गाव-परगण्याच्या कामाचा वंशपरंपरागत हक्क : पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे. आणि ‘सरंजाम’ म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलखाचा वसूल. सरंजामाची मालकी सरदाराची नसे. किती स्वार ठेवायचे, त्यातले किती स्वतःच्या खर्चासाठी, हे तैनातजाबत्यात कलमवार लिहिलेले असे, आणि सरदाराच्या हिशेबावर नजर ठेवायला सरकारचे दरकदार त्याच्याच पदरी नेमले जात.

कागदावर ही व्यवस्था अत्यंत शिस्तीची दिसते. व्यवहारात तिची किल्ली एका शब्दात होती : मर्जी.

वाईला गेलेल्या प्रत्येकाने कृष्णेकाठचा ढोल्या गणपती पाहिलेला असतो. ते देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधले. वाईचे घाट, देवळे, वाडे यांत रास्त्यांचा पैसा ठायी ठायी दिसतो. रास्त्यांच्या घरातल्या गोपिकाबाईंचे लग्न नानासाहेब पेशव्यांशी झाले होते, आणि थोरले माधवराव हे त्यांचे पुत्र. पेशव्यांचे सासर झाल्यावर या घराण्याचा उत्कर्ष का झाला, याला फार मोठ्या संशोधनाची गरज नाही.

पटवर्धनांचे मूळ कोकणातल्या कोतवड्याचे. हरभट पटवर्धन हे इचलकरंजीच्या घोरपडे घराण्याचे उपाध्ये. त्या घोरपड्यांच्या घरात बाळाजी विश्वनाथांची कन्या अनुबाई दिलेली. उपाध्येपणापासून मिरजेच्या किल्ल्यापर्यंतची वाट या सोयरिकीच्या अंगणातून गेली. हरभटांचे मुलगे आणि नातू मात्र तलवारीचे निघाले, हेही तितकेच खरे. ‘चित्पावनांनी चित्पावनांना दिले’ एवढ्या एका वाक्यात हा इतिहास संपवणाऱ्यांनी पुढची हकीकत जरूर पाहावी. जात होती, नाते होते, आणि त्यांच्या बरोबरीने सरहद्दीची गरजही होती.

नोव्हेंबर १७६२ मध्ये राघोबादादा आणि तरुण माधवराव यांच्यात लढाई झाली आणि माधवरावांनी काकांपुढे माघार घेतली. सत्ता हातात येताच दादांनी उत्पन्नांची उलथापालथ सुरू केली. कऱ्हाडच्या पंतप्रतिनिधींचे पद भवानरावांकडून काढून स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या नावे केले आणि मुतालिकी नारो शंकराला दिली. प्रतिनिधिपद हे राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले, मानाने पेशवाईच्या तोडीचे पद. ते पाळण्यातल्या पोराला! पटवर्धनांकडून मिरजही घेतली. पटवर्धन माधवरावांच्या बाजूचे होते, एवढाच त्यांचा गुन्हा.

गोपाळराव पटवर्धन मग निजामाकडे गेले. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले, तेव्हा मराठ्यांचा हा कर्तबगार सरदार शत्रूच्या गोटात होता. एका जहागिरीच्या जप्तीची किंमत पुण्याने अशी मोजली. त्याच वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनावर निजामाचा मोड झाला. त्याआधीच नाराज सरदारांना परत वळवण्यात आले होते. मिरज पटवर्धनांना परत मिळाली, भवानरावांना प्रतिनिधिपद परत मिळाले, आणि पाठोपाठ माधवरावांनी पटवर्धनांच्या तीन शाखांना आठ हजार स्वारांचा मोठा सरंजाम लावून दिला.

ही कृपा होती की धोरण? दोन्ही. दक्षिणेत हैदर वाढत होता आणि कृष्णा-तुंगभद्रेच्या मधल्या मुलखात भरवशाची फौज हवी होती. पटवर्धनांनी ती पुढची तीस-पस्तीस वर्षे खरोखर पुरवली. माधवरावांच्या पारड्यात एवढे निश्चित टाकता येते की त्यांनी दिलेल्या सरंजामामागे मोजता येणारी चाकरी होती. राघोबादादांच्या वाटपामागे तेवढेही नव्हते. पण दोघांनीही तीच कळ दाबली, आणि ती कळ किती नाजूक आहे हे पटवर्धन कधी विसरले नाहीत.

या साऱ्या कागदांवर शिक्का कोणाचा? पेशव्यांच्या मुद्रेत पहिले नाव छत्रपतींचे, त्यांच्याखाली प्रधानाचे. म्हणजे पटवर्धनांची सनद असो की एखाद्या जोशाचे चार बिघ्यांचे इनाम, देणारे तत्त्वतः साताऱ्याचे महाराज. प्रत्यक्षात महाराज साताऱ्यात ठरावीक नेमणुकीवर राहत, आणि त्या नेमणुकीचा वेळ-काळ पुणे ठरवी.

१७९८ मध्ये दुसऱ्या शाहू महाराजांनी या अवस्थेतून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला आणि सातारचा किल्ला आपल्या हाती घेतला. त्यांना पुन्हा ताब्यात आणायला कोण गेले? परशुरामभाऊ पटवर्धन. भाऊ त्या वेळी स्वतःच कैदेत होते. १७९६ मध्ये बाजीरावाला डावलून चिमाजीअप्पाला पेशवाई देण्याच्या खटपटीत ते होते, त्याची ती शिक्षा. फौज जमवून सातारा सर करून देतो, या बोलीवर त्यांची सुटका झाली आणि त्यांनी शब्द पाळला. ज्यांच्या नावाचा शिक्का पटवर्धनांच्या सनदेवर होता, त्यांनाच बंदोबस्तात ठेवून पटवर्धनांनी सरकारची मर्जी परत मिळवली. मराठी इतिहासात उपरोधाची वाण नाही, पण याच्या जोडीला बसतील असे प्रसंग मोजकेच.

परशुरामभाऊ १७९९ मध्ये पट्टणकोडोलीच्या लढाईत करवीरकरांशी लढताना पडले. पुढच्याच वर्षी नाना फडणीस गेले आणि पटवर्धनांची पुण्यातली पाठराखण संपली. १८०१ च्या सुमारास घरातही फाटाफूट झाली. मिरज गंगाधररावांकडे राहिली आणि पुतणे चिंतामणराव अप्पासाहेब आपला वाटा घेऊन सांगलीला आले. आजचे सांगली शहर, तिथला किल्ला, गणपतीचे देऊळ ही त्या भाऊबंदकीची फळे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मर्जीचा हा कारभार अगदी उघडा पडला. मामलती बोली लावून दिल्या जाऊ लागल्या आणि जुन्या सरदारांचे सरंजाम मोडून आपल्या माणसांना देण्याकडे कल वाढला. साताऱ्याच्या डोंगरात याची एक विलक्षण आठवण आहे. प्रतिनिधी परशुराम श्रीनिवास यांना बाजीरावाने मसूरला कैदेत ठेवले. त्यांची सोडवणूक केली ताई तेलिणीने. पुढे प्रतिनिधी पुन्हा पकडले गेले, तेव्हा ही बाई वासोट्याच्या किल्ल्यावरून बापू गोखल्यांच्या फौजेशी कित्येक महिने झुंजली. अखेर किल्ला पडला आणि प्रतिनिधींच्या मुलखाचा मोठा भाग गोखल्यांच्या हाती गेला. ताई तेलिणीची कथा आज शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. तिच्या मुळाशी मात्र एका सरंजामाचे हस्तांतर होते, हे सांगायचे सहसा राहून जाते.

पटवर्धनांवर हाच प्रसंग येऊ घातला होता. तो टळला, कारण त्यांनी वेळीच दुसरे दार शोधले. १८०० मध्ये धोंड्या वाघावरच्या मोहिमेत चिंतामणराव आर्थर वेलस्लीच्या सोबत होते. वेलस्ली म्हणजे पुढचा वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८०३ मध्ये तो पुण्यावर आला तोही याच मुलखातून, आणि पटवर्धनांशी चांगले संबंध ठेवण्याचा लाभ त्याने ओळखला होता. तेव्हापासून कंपनीच्या दप्तरात या घराण्याचे नाव ‘उपयुक्त’ या सदरात नोंदले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

त्याचे फळ १८१२ मध्ये आले. पंढरपुरात इंग्रज फौजेच्या छायेत एल्फिन्स्टनने बाजीराव आणि दक्षिणेतले जहागीरदार यांच्यात तडजोड घडवून आणली. सनदेने मिळालेला मुलूख जहागीरदारांकडे राहील, बळकावलेला त्यांनी सोडावा, तैनातजाबत्याप्रमाणे पेशव्यांची चाकरी करावी, आणि हमी इंग्रजांची. सरंजाम ही आजवर धन्याची कृपा होती. आता एका तिसऱ्या सत्तेने तिला कुंपण घातले. ज्यांना या कुंपणाच्या आत नीट सरकता आले नाही त्यांचे काय झाले, हे वाईच्या माधवराव रास्त्यांना लवकरच कळले. चाकरीची फौज दिली नाही या कारणावरून त्यांचा सरंजाम जप्त झाला. थोरल्या माधवरावांचे आजोळ म्हणून जे घराणे चढले, त्याच्याकडे आता पुण्यात बोलणारे कोणी उरले नव्हते.

आता पुन्हा १८१८ मध्ये येऊ. साताऱ्याच्या जाहीरनाम्यानंतर नऊ दिवसांनी, २० फेब्रुवारीला, आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि बाजीरावाच्या छावणीतले प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. १० एप्रिलला त्यांना साताऱ्यात गादीवर बसवण्यात आले. त्यांच्या शेजारी कारभारावर बसला जेम्स ग्रँट, म्हणजेच मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. सरदार एक एक करून बाजीरावाला सोडू लागले. दोन महिन्यांची मुदत काम करत होती.

जिंकलेल्या मुलखातल्या सरंजामांचे काय करायचे, यावर एल्फिन्स्टनने एक तत्त्व ठरवले. पातशाहीने किंवा साताऱ्याच्या छत्रपतींनी दिलेल्या जुन्या जहागिरी वंशपरंपरेने चालवाव्यात. पेशव्यांनी दिलेल्या मात्र हयातीपुरत्या किंवा काही पिढ्यांपुरत्याच. ऐकायला न्याय्य वाटते. जुने ते पक्के, नवे ते कच्चे.

या तत्त्वाच्या काट्यावर पटवर्धन कुठे बसत होते? त्यांचा सारा उत्कर्ष पेशव्यांनी केलेला. मिरज पेशव्यांची, तासगाव पेशव्यांचे, आठ हजार स्वार माधवरावांचे. नियम लावायचा तर ते दुसऱ्या रांगेत जायला हवे होते. पण त्यांना नियम लावला गेलाच नाही. त्यांच्याशी १८१९ मध्ये स्वतंत्र करार झाले, १८१२ च्या हमीचा आधार घेऊन. चिंतामणरावांनी तर नव्या धन्याची फौजी चाकरी करण्यासच नकार दिला. त्याबद्दल जहागीर जप्त होण्याऐवजी सौदा ठरला : चाकरीच्या बदल्यात त्यांनी वार्षिक १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यावा आणि उरलेला निर्वेधपणे भोगावा. सांगली संस्थानावर पुढे खंडणीचा बोजा पडला नाही तो यामुळे.

एल्फिन्स्टनच्या बाजूने बोलायचे तर त्याचा हिशेब सरळ होता. नवी सत्ता, तुटपुंजी फौज आणि दक्षिणेत सर्वांत सुसंघटित असलेले हे घराणे. त्याला दुखवण्यापेक्षा बांधून ठेवणे शहाणपणाचे. पुण्यात पेशवे वाटत ती श्रावणमासाची दक्षिणाही त्याने एकदम बंद केली नाही, वर्षाला पन्नास हजारांवर आणून ठेवली. कारण तेच. हे सारे राजकारण म्हणून समजू शकते. फक्त त्याला ‘प्राचीन हक्कांचा आदर’ असे नाव देण्याची इंग्रजी दप्तराची सवय आंधळेपणाने उचलू नये.

साताऱ्यात २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंहांना राज्य मिळाले. १८२० मध्ये औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले या जहागीरदारांशीही इंग्रजांच्या मध्यस्थीने करार झाले. बाजीरावाने उघड्यावर टाकलेले प्रतिनिधी अशा रीतीने पुन्हा उभे राहिले. हे जहागीरदार महाराजांचे मांडलिक, पण त्यांच्या हक्कांची हमी इंग्रजांची. पुढच्या संघर्षाचे बी याच ओळीत पेरले गेले.

प्रतापसिंहांचा प्रश्न साधा होता. जहागीर छत्रपतींच्या घराण्याने दिलेली असेल तर ती वारसाअभावी मोकळी झाल्यावर परत कोणाकडे यावी? देणाऱ्याकडे, असे ते म्हणत. मुंबई सरकारला हे मान्य नव्हते. या वादातून वितुष्ट वाढत गेले, त्यावर कारस्थानाचे आरोप चढले आणि सप्टेंबर १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. रंगो बापूजी गुप्ते त्यांची कैफियत घेऊन लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तिथे दारे ठोठावत राहिले. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीतच वारले. गादीवर बसवलेले त्यांचे बंधू शहाजी ५ एप्रिल १८४८ रोजी निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने मानले नाही आणि सातारा खालसा झाला.

आणि तरीही औंध राहिले. भोर, फलटण, जत, अक्कलकोट, सारी राहिली. ज्या झाडाच्या या फांद्या, ते झाड तोडले गेले आणि फांद्या पुढे शंभर वर्षे हिरव्या राहिल्या. कारण त्यांच्या हातात इंग्रजांच्या सहीचा कागद होता. अर्थात कागद असलेल्यांनाही निपुत्रिक होण्याची मुभा नव्हती. १८२० मध्ये मिरजेचे चार वाटे झाले होते, त्यातले दोन वारसाअभावी १८४२ आणि १८४५ मध्ये गेले. परशुरामभाऊंचे तासगाव साताऱ्याच्याच वर्षी, १८४८ मध्ये गेले.

इथपर्यंतची कथा मोठ्यांची. आता ज्यांच्यासाठी हा थ्रेड लिहावासा वाटतो त्यांच्याकडे वळू : गावातला इनामदार. देवळाचा गुरव, मशिदीचा मुल्ला, पंचांग सांगणारा जोशी, लढाईत पडलेल्या शिलेदाराचा नातू, ज्याच्या पणजोबाला कधीतरी कोणीतरी जमीन दिली होती असा कोणीही. १८१८ च्या जाहीरनाम्यात यांनाही अभय होते. त्यांना करार कोणी लिहून दिला नव्हता. त्यांच्यासाठी जाहीरनाम्याचा शब्द हाच करार.

१८४३ पासून दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला कायद्याचे बळ मिळाले. हेच ते इनाम कमिशन. हार्ट, काउपर, एथरिज ही अधिकाऱ्यांची नावे त्या पिढीच्या घराघरांत धसक्याने घेतली जात असणार. कमिशनचा प्रश्न एकच : सनद दाखवा. सनद असेल तर देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता का? नसेल तर इंग्रजी अंमलाच्या आधी किती वर्षे आणि किती पिढ्या वहिवाट होती? मग पुण्यातल्या पेशवे दप्तरातून रुमाल सोडले जात आणि दावा ताडून पाहिला जाई.

कमिशनची बाजू अगदीच पोकळ नव्हती. बनावट सनदा होत्या. सरकारी जमीन कुलकर्ण्याशी संगनमत करून इनामात दडवलेली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या धामधुमीत कोणी कोणाला काय दिले, याचा धड हिशेबही नव्हता. बुडालेला सारा अखेर इतर रयतेच्या डोक्यावर बसतो, हा युक्तिवाद खोटा म्हणता येणार नाही. इनाम न मिळालेल्या कुणब्याच्या नजरेने पाहिले, तर इनामदाराच्या दुःखात त्याला फारसा वाटा घ्यावासा वाटला नसेल.

खोट होती ती तराजूत. तीन पिढ्यांच्या युद्धात, दुष्काळात, पेंढारी-लुटीत ज्या घरांचे छप्पर टिकले नाही, त्या घरांनी कागद टिकवायचा होता. सनद जळाली, वाळवीने खाल्ली, भावकीतल्या दुसऱ्याकडे राहिली, तर पुराव्याचा भार इनामदारावर. शिवाय न्याय देणारे आणि निकालाने फायदा होणारे सरकार एकच. कमिशनच्या निर्णयावर दिवाणी न्यायालयात दाद नव्हती. सातारा खालसा झाल्यावर तिथले इनामदारही या तपासणीपुढे आले. आणि या सबंध काळात पटवर्धनांना कोणी विचारले नाही की तुम्हाला माधवरावांनी जे दिले ते कोणत्या अधिकाराने दिले. त्यांचे उत्तर १८१९ च्या करारात आधीच लिहून ठेवलेले होते.

१८५७ चा इतिहास लिहिणारा जॉन के हा काही इंग्रजांचा शत्रू नव्हे. त्याने दिलेला आकडा असा : सुमारे ३५,००० लहानमोठ्या इनामदारांकडे कागद मागण्यात आले आणि पहिल्या पाच वर्षांत त्यातली तीनपंचमांश इनामे जप्त झाली. म्हणजे दर पाचांत तीन.

१८५७ मध्ये साताऱ्यात कट उघडकीस आला. रंगो बापूजी निसटले, पण त्यांचे पुत्र सीतारामपंत फासावर गेले. पुढच्या वर्षी नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी उठाव केला आणि दक्षिण महाराष्ट्राचा पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला. नरगुंद आज कर्नाटकात, पण त्या काळी पटवर्धनांच्याच शेजारातले संस्थान. बाबासाहेबांना दत्तकाची परवानगी नाकारली गेली होती. आणि मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनच्या कामावर होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्या भागातला राग कुठून आला, याचा बराच उलगडा होतो.

बंडानंतर सरकारने पाऊल मागे घेतले. १८६३ च्या कायद्यांनी पुराव्याची कटकट ज्यांना नको त्यांना सोपा मार्ग दिला : आकाराच्या चौथाईइतकी रक्कम आणि थोडा नजराणा दरसाल भरा, इनाम कायम. ज्यांची इनामे आधीच्या पाच-सहा वर्षांत गेली होती त्यांना मात्र उशीर झाला होता. पाच-सहा वर्षे आधी पुकारा झाला म्हणून एकाची जमीन गेली, नंतर झाला म्हणून दुसऱ्याची राहिली. मर्जीच्या जागी आता नंबर आला होता.

संस्थाने ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन होऊ लागली. सांगली, मिरज, जत आणि जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग मिळून १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. आज हे दोन जिल्हे शेजारी दिसतात, पण त्यांच्या मधली रेघ पुष्कळ ठिकाणी कोणाला कोणता कागद मिळाला यावरून पडलेली आहे.

त्यानंतर इनामेच संपवण्यात आली. परगणे आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, जातइनामे १९५२ च्या कायद्याने, आणि सरंजाम १ नोव्हेंबर १९५२ पासून अमलात आलेल्या नियमांनी. त्या नियमांचे नाव मुळातून पाहण्यासारखे आहे : सरंजाम, जहागिरी आणि ‘राजकीय स्वरूपाची इतर इनामे’ परत घेण्याचे नियम. राघोबादादांपासून एल्फिन्स्टनपर्यंत कोणीही आपल्या देणगीला राजकीय म्हटले नव्हते.

तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना तीन नावाची दुमाला जमिनींची नोंदवही असते. तिच्यात इनामांचे वर्ग केलेले आहेत. वर्ग दोन व्यक्तींची इनामे, वर्ग तीन देवस्थानांची, त्यापुढे परगणे वतने, कुलकर्णी वतने, गावकामगारांच्या जमिनी. वर्ग तीन अजूनही जिवंत आहे. सातारा-सांगलीच्या कित्येक गावांत देवस्थानाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ती नोंद वाचायला मिळते. वर्ग एक सरंजामांचा.